तोरणमाळचा उड्या मारणारा भुंगेरा: नवी प्रजाती म्हणावी का?

प्रश्न असा आहे. तळोद्याकडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना तोरणमाळच्या उतारावर एका झुडपाच्या पानांवर जेमतेम ३ मिमी लांबीचा, निळसर काळा, उडी मारणारा भुंगेरा मिळाला. त्यांनी कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांच्या भारतीय पानभुंगेऱ्यांवरच्या १९२६ च्या खंडातला ओळखतक्ता (लक्षणांच्या जोड्या तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता) लावून पाहिला, पण तो कुठल्याच प्रजातीत बसेना. ही नवी प्रजाती धरावी का, धरायची तर वर्णन कसं लिहायचं, आणि नावात खानदेश आणता येईल का, असं त्यांनी विचारलंय. मी इथे प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज असं धरून लिहितो.

सर, नावाचं शेवटी बघू. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: आत्ताच धरू नका. भुंगेरा ओळखतक्त्यात बसला नाही, यातून एवढंच कळतं की तो त्या तक्त्यात नाही. नवी प्रजाती मांडणं म्हणजे नात्यांविषयी दावा करणं. हा भुंगेरा कुणाचा जवळचा आणि कुणापासून वेगळा, हे दोन्ही दाखवता आलं तरच तो दावा टिकतो.

मौलिक यांचा तो खंड आजही कामाचा आहे. भारतातल्या पानभुंगेऱ्यांवर काम करायचं तर १९०८ चा जेकोबींचा खंड आणि १९१९, १९२६, १९३६ चे मौलिकांचे तीन खंड हाताशी लागतातच. पण ते त्या काळी लंडनपर्यंत पोचलेल्या नमुन्यांवर बेतलेले आहेत. गोळा करणारे साहेब दक्षिणेच्या घाटांत, हिमालयात, आसाम-ब्रह्मदेशात फिरले. सातपुडा आणि तापीचं खोरं त्यात शोधावं लागतं. शिवाय गेल्या शंभर वर्षांत कितीतरी प्रजाती नव्याने मांडल्या गेल्या, कितीतरी एकमेकींत मिसळल्या गेल्या, आणि काही भुंगेरे तर तेव्हा या देशात नव्हतेच.

शेवटच्या मुद्द्याचं उदाहरण तुमच्या कॉलेजच्या कुंपणालाच असेल. गाजरगवतावर पावसाळ्यात दिसणारा, मळकट पिवळ्या पंखांवर गडद नागमोडी रेघा असलेला मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकलराटा. तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षापासून गाजरगवतावर सोडला. आता तो शहादा-शिरपूरच्या बांधांवरही आहे. हाच भुंगेरा कुणी फक्त १९२६ च्या तक्त्यात घालून पाहिला, तर तो कुठेच बसणार नाही. मग तो माणूस घराच्या परसात 'नवी प्रजाती' शोधून मोकळा. म्हणून तुमच्या नमुन्याची तुलना फक्त भारताशी करून थांबू नका. चीन, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेच्या कोरड्या भागातल्या जवळच्या प्रजातीही तपासा. आपला पट्टा पानझडीचा आणि कोरडा आहे. इथे जवळचे नातलग पूर्वेपेक्षा पश्चिमेकडे सापडण्याची शक्यता मी नेहमी मोकळी ठेवतो.

आता भुंगेरा कोणत्या गटातला, ते पक्कं करा. पानं खातो म्हणून तो पानभुंगेरा (क्रायसोमेलिडी कुळातला) ठरत नाही. वांग्याच्या पानांची चाळणी करणारा ठिपकेवाला एपिलॅक्ना हा लेडीबर्डच्या कुळातला, तर दुधी-भोपळ्याचे वेल खाणारा तांबडा भुंगेरा मात्र खरा पानभुंगेरा. पायाचं टोक भिंगाखाली बघा. पानभुंगेऱ्यात टार्ससची पेरं पाच असतात, पण चौथं इतकं बारीक की ते तिसऱ्या दुभंगलेल्या पेराच्या बुडाशी लपतं आणि चारच वाटतात. हेच लाँगहॉर्न भुंगेऱ्यांतही दिसतं, पण तीन मिलिमीटरच्या, आखूड मिशांच्या जिवाबद्दल तो घोळ व्हायचं कारण नाही.

उडी मारतो म्हणून फ्ली बीटल (उड्या मारणाऱ्या पानभुंगेऱ्यांचा गट), हेही तेवढ्यावर मानू नका. एका नमुन्याची मागची मांडी काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करा आणि आत बघा. फ्ली बीटलच्या मागच्या फीमरमध्ये गुंडाळलेल्या पट्टीसारखी एक कठीण स्प्रिंग असते. तिचं वर्णन समरेंद्र मौलिक यांनीच १९२९ मध्ये केलं, म्हणून तिला पुढे मौलिकचं इंद्रिय असं नाव पडलं. अशी स्प्रिंग उड्या मारणाऱ्या काही सोंडकिड्यांतही स्वतंत्रपणे तयार झालेली आहे. आणि पानभुंगेऱ्यांतच काही प्रजाती अशा आहेत की त्या फ्ली बीटलमध्ये ठेवाव्यात की उड्या न मारणाऱ्या गॅलेरुसिन भुंगेऱ्यांत, यावर डीएनएचे निकाल आल्यापासून वाद चालू आहे. तुमचा भुंगेरा या सीमेवरचा निघाला, तर काम दुप्पट होईल. पण ते आधी कळलेलं बरं.

मग प्रजाती म्हणजे काय? मी विद्यार्थ्यांना वाटणीचं उदाहरण देतो. एका बापाची चार मुलं एकत्र नांदतायत. त्यातला एक फार वेगळा दिसतो म्हणून त्याला बाजूला काढला आणि उरलेल्या तिघांनाच 'कुटुंब' म्हटलं. पण त्या तिघांतला एक या वेगळ्या दिसणाऱ्याचा जुळा भाऊ असेल, तर ती वाटणी खोटी. वर्गीकरणात हीच चूक वारंवार होते. एखाद्या मोठ्या प्रजातीतली विचित्र दिसणारी जात उचलून तिला नवं नाव दिलं जातं, आणि मागे उरलेली जुनी प्रजाती फाटकी राहते. तुमचा भुंगेरा बाहेर काढल्यावर मागे उरलेला गट नात्याने अखंड राहतो का, हा प्रश्न प्रत्येक नव्या प्रजातीच्या लेखात विचारलेला असायला हवा. बऱ्याच लेखांत तो नसतो, आणि मग दहा-वीस वर्षांत ती नावं समानार्थी ठरून गळून पडतात.

वर्गीकरण हा शेवटचा शब्द कधीच नसतो, हे आपल्या घरातल्या डाळींवरूनही दिसतं. तूर-मूग-हरभऱ्याला भोकं पाडणारा तो तपकिरी टोका, कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. लिनियसने १७५८ मध्ये त्याला सोंडकिड्यांच्या कुरक्युलिओ प्रजातीत टाकलं होतं. पुढे बराच काळ या टोक्यांचं स्वतंत्र कुळ मानलं गेलं. आज ते पानभुंगेऱ्यांच्या कुळातलं एक उपकुळ धरलं जातं, आणि त्यांचे जवळचे नातलग म्हणजे सॅग्रासारखे जाड मांड्यांचे भुंगेरे. जातीचं नाव तेच राहिलं, घर बदलत गेलं. म्हणूनच या जातीच्या नावापुढे 'लिनियस, १७५८' हे कंसात छापतात: जात आता मूळच्या प्रजातीत नाही, असा त्याचा अर्थ. कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्याच्या पुढचा 'से, १८२४' असाच कंसात असतो. तुमच्या भुंगेऱ्याला कुणीतरी आधीच भलत्याच प्रजातीत नाव देऊन ठेवलेलं असण्याची शक्यता, तो अगदी नवा असण्याच्या शक्यतेपेक्षा कमी नाही.

आता लक्षणांकडे येतो, कारण खरी माती तिथेच खाल्ली जाते.

रंगावर जाऊ नका. रताळ्याच्या किंवा बेशरमच्या पानांवरचे सोनेरी कासवभुंगेरे मेल्यावर काही दिवसांत तपकिरी पडतात, कारण तो सोनेरी रंग कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. निळा-काळा धातूसारखा रंग टिकतो खरा, पण तो फ्ली बीटलमध्ये इतक्या ठिकाणी इतक्या वेळा आलाय की प्रजातीसाठी त्याची किंमत शून्य. उडण्याचे पंख नसणं हेही तसंच. डोंगरमाथ्यावर, गवतात, शेवाळात राहणाऱ्या भुंगेऱ्यांचे आतले पंख पुन्हा पुन्हा खुजे झालेत. लाँगिटार्सस या फ्ली बीटल प्रजातीत तर एकाच जातीत पंखवाले आणि बिनपंखी दोन्ही मिळतात. पंख गेले की वरच्या कठीण पंखांच्या खांद्यावरचा उंचवटा जातो, छातीचा मागचा भाग आखूड होतो, शरीर गोल होतं. म्हणजे तुम्हाला चार लक्षणं दिसतात, पण ती एकाच कारणाची चार रूपं असतात. चार वेगळे पुरावे म्हणून ती मोजली की नवी प्रजाती 'सिद्ध' होते. शेवाळात राहणारे इवलेसे गोल फ्ली बीटल नेपाळ, दक्षिण भारत आणि कॅरिबियन बेटांवर दिसायला जवळजवळ सारखे, पण ते एका वंशातून आलेले नाहीत.

कामाची लक्षणं बहुतेक पोटाच्या बाजूला आणि आत असतात. पुढच्या पायांच्या खोबणी मागून बंद आहेत की उघड्या, हे बघा. कपाळावर मिशांच्या बुडाजवळचे दोन उंचवटे, त्यांच्यामागच्या खाचा, प्रोनोटमच्या (छातीच्या पुढच्या भागावरच्या कवचाच्या) बुडाशी आडवी चर आहे का, असली तर तिच्या टोकांना उभ्या चरा मिळतात का. वरच्या पंखांवरचे टोचल्यासारखे बारीक खळगे रांगेत आहेत की विस्कटलेले. नखी साधी आहे, बुडाशी दात असलेली आहे की दुभंगलेली. मागच्या टिबियाच्या (नडगीच्या) टोकाला काटा कुठे, कसा. मिशांची पेरं नीट मोजा: बहुतेकांत अकरा, पण सायलिओडेसमध्ये दहा, आणि त्याचा मागचा टार्सस टिबियाच्या टोकाला न लागता थोडा अलीकडे लागतो. लाँगिटार्ससच्या मागच्या टार्ससचं पहिलं पेर टिबियाच्या निम्म्याइतकं किंवा त्याहून लांब. प्रजाती ठरवणारी लक्षणं अशी, मोजता येणारी आणि दोन्ही लिंगांत सापडणारी असावीत. फक्त नराच्या मिशा जाड किंवा चेहरा खोलगट असणं हे जातीपुरतं ठीक. गॅलेरुसिनमध्ये असले नर ठिकठिकाणी दिसतात.

आतलं पाहायला चिरफाड करावी लागेल. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करा, पोट अलगद सुटं करा, दहा टक्के पोटॅशमध्ये ठेवा, मग पाण्याने धुऊन ग्लिसरिनमध्ये भिंगाखाली घ्या. नराचा एडिएगस (जननांग) वरून, खालून आणि बाजूने, तिन्ही बाजूंनी काढा. एकाच बाजूचं चित्र छापलेले लेख पुढच्या माणसाला निरुपयोगी असतात. मादीची स्पर्मथिका (शुक्राणू साठवायची पिशवी) फार नाजूक, पण फ्ली बीटलमध्ये तिची नळी आणि गोळा यांचा आकार बरंच सांगतो. काढलेले भाग ग्लिसरिनच्या सूक्ष्म कुपीत घालून ती त्याच नमुन्याच्या पिनेला लावा. वेगळ्या डबीत ठेवलेले भाग सहा महिन्यांनी कुणाचे ते कळत नाही. तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला पिन थेट टोचू नका. कार्डाच्या त्रिकोणी टोकाला, उजव्या बाजूने, पोट उघडं राहील असा चिकटवा.

डीएनए करायचं असेल तर काही नमुने पहिल्या दिवसापासून पक्क्या अल्कोहोलमध्ये ठेवा, कागदाच्या घडीत वाळवू नका. सीओआय या जनुकाचा ६५८ बेस-जोड्यांचा तुकडा, म्हणजे डीएनए बारकोड, जाती वेगळ्या करायला मदत करतो. पण फक्त त्याच्या झाडावरून प्रजाती मांडू नका. तितकी जुनी नाती सांगायला तो एकटा पुरत नाही, केंद्रकातली जनुकंही लागतात. शरीररचना आणि डीएनए वेगवेगळं सांगत असतील, तर दोन्ही छापा आणि निर्णय पुढे ढकला.

यजमान वनस्पतीबद्दल तुम्ही फक्त 'झुडूप' लिहिलंय. पानावर बसला म्हणजे ते पान तो खातो असं नाही. जिवंत भुंगेरे त्याच झुडपाच्या ताज्या पानासोबत डबीत ठेवा आणि पानाला भोकं पडतात का ते पाहा. झुडपाची फुलासकट फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्रवाल्यांकडून नाव पक्कं करून घ्या. तोरणमाळचे पावरा गडी झाडं आपल्यापेक्षा चांगली ओळखतात. त्यांनी सांगितलेलं नाव वहीत जरूर उतरवा, पण लेखासाठी वाळवलेला नमुना हवाच. पानभुंगेऱ्यांत यजमान झाडावरून नात्याचे धागे पुष्कळदा लागतात, आणि जुन्या वर्णनांत नेमका हाच रकाना रिकामा असतो.

हे सगळं झाल्यावरही तो वेगळाच राहिला, तर लिहायला घ्या. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या अटी तशा थोड्याच आहेत, पण एक चुकली तरी नाव ग्राह्य धरत नाहीत. नाव नवं आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत द्यावी लागतात, नुसते फोटो चालत नाहीत. १९३० नंतरच्या कुठल्याही प्रजातीला त्याच लेखात टाइप जात (जिच्याशी प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं ती जात) ठरवून द्यावी लागते. तुमच्याकडे एकच जात असली तरी 'टाइप जात अमुक' हे वाक्य लिहायचंच. जातही नवी असेल तर होलोटाइप (जिच्याशी जातीचं नाव बांधलं जातं तो एकच नमुना) कोणता आणि तो कोणत्या संग्रहात आहे, हे हवं. लेख फक्त ऑनलाइन छापला जाणार असेल, तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीतली आगाऊ नोंदणी आणि तिचा लेखातला उल्लेख आवश्यक आहे.

निदान आणि वर्णन यांची गल्लत करू नका. निदान म्हणजे हा भुंगेरा शेजारच्या दोन-तीन प्रजातींपासून नेमका कशाने वेगळा, तेवढंच. वर्णन लांब असलं तरी चालेल. मी परीक्षक म्हणून लेख वाचतो तेव्हा आधी तुलनेचा परिच्छेद काढतो. तिथे जवळच्या प्रजातींच्या टाइप जाती पाहिल्या आहेत का, किमान त्यांचे फोटो संग्रहालयातून मागवले आहेत का, हे बघतो. जुन्या भारतीय टाइप्सपैकी (नाव ज्यांच्यावर बेतलं त्या मूळ नमुन्यांपैकी) पुष्कळ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. पत्र लिहा, तिथले लोक फोटो पाठवतात, वेळ लागतो इतकंच. शेवटी मौलिकांच्या तक्त्यात तुमची प्रजाती कुठे घुसते ते दाखवणारी सुधारित जोडी द्या. ती लिहिता आली नाही, तर समजा की प्रजाती अजून तुमच्याही डोक्यात वेगळी झालेली नाही.

एकट्या जातीसाठी प्रजाती काढायला नियमाची मनाई नाही. तरी दोन मनं होत असतील तेव्हा माझा कल नेहमी कमी नावांकडे असतो. जात नवी म्हणून जवळच्या प्रजातीत ठेवा, आणि कोणत्या लक्षणांत ती तिथे खटकते ते एका परिच्छेदात उघड सांगा. उद्या दुसऱ्या-तिसऱ्या जाती मिळाल्या की प्रजाती मांडता येईल. आधी मांडलेली मागे घेण्यात मात्र सगळ्यांचाच वेळ जातो.

आता नाव. खानदेश, सातपुडा, तापी, तोरणमाळ, यातलं काहीही लॅटिन रूपात घेता येईल. दोन गोष्टी पाहा. प्रजातीचं नाव सगळ्या प्राणिसृष्टीत एकच असावं लागतं. माशी, मासा किंवा गोगलगायीच्या प्रजातीला ते आधी दिलेलं असेल तर तुम्हाला मिळणार नाही, वनस्पतीत असलं तर हरकत नाही. दुसरं, नावाचं व्याकरणातलं लिंग लेखात सांगा, कारण जातीचं विशेषण त्याप्रमाणे बदलतं: इंडिकस, इंडिका किंवा इंडिकम. स्वतःचं नाव देऊ नका. संहिता अडवत नाही, पण लोक हसतात. आणि लेख छापून येईपर्यंत नाव वर्तमानपत्राला किंवा व्हॉट्सअॅपवर सांगू नका. आपल्याकडे बातमी आधी आणि लेख मागाहून, हा प्रकार फार वाढलाय. वर्णनाशिवाय फिरणारं नाव पुढे वर्षानुवर्षं यादीत लटकत राहतं.

नमुने कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आणि वर्षभर संग्रह पोखरणारे डर्मेस्टिड किडे, होलोटाइपचं तिथे काही खरं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवा टॅक्सॉन (नवी जात, प्रजाती वगैरे) सापडला तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुने जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण त्यासाठी आहे. मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. या नियमांनी वर्गीकरणाचं काम अवघड केलंय, अशी तक्रार फ्ली बीटलचे तज्ज्ञ प्रतापन आणि इतरांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये जाहीरपणे मांडली होती. मला ती पटते. तरीही नियम मोडून पाठवलेल्या नमुन्यावर लिहिलेला लेख तुमच्याच अंगाशी येईल. वनखात्याची परवानगी लेखी घ्या आणि तिचा क्रमांक आभारात टाका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला नमुना मला मादी वाटतो. पुढच्या टार्ससचं पहिलं पेर रुंद दिसत नाही आणि पोटाच्या शेवटच्या पट्टीला खाचा नाहीत. एका मादीवर प्रजातीचं काही ठरणार नाही. आखाजीच्या उन्हात परत जाण्यात अर्थ नाही, तेव्हा तिथली झुडपं वाळलेली असतात. पहिला जोराचा पाऊस होऊन पानं फुटली की जा, आणि कानबाईच्या रविवारपर्यंत अधूनमधून जात राहा. सकाळी दव असताना उलटी छत्री झुडपाखाली धरून फांदी झटका. ऊन चढल्यावर हे भुंगेरे छत्रीत पडायच्या आधीच उडी मारून पसार होतात. शोषनळी (बारीक कीटक ओढून घ्यायची नळी) सोबत ठेवा. उंची, अक्षांश-रेखांश, तारीख आणि झुडूप जागेवरच लिहा. नर मिळाला की एडिएगसचे तीन फोटो आणि प्रोनोटमच्या बुडाचा एक जवळचा फोटो पाठवा, मोजपट्टीसकट. कोणत्या दोन-तीन प्रजातींचे टाइप मागवायचे ते त्यावरून सांगतो.